अनवाणी वैमानिक

हरी तांडेल हेलिकॉप्टरमध्ये चढण्याआधी बूट काढून ठेवायचा. होडीत वहाणा घालून चढायचं नाही, ही काशीदच्या कोळ्यांची रीत, आणि त्याच्या लेखी हेलिकॉप्टर म्हणजे होडीच. हवाई दलात असताना यापायी त्याने साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आमच्या फवारणी कंपनीत कोण विचारतो? दिवेआगरच्या पोफळींवर औषध मारायला आम्ही दोघे वैमानिक होतो. मी बुटांना पॉलिश करून उडायचो आणि हा बाबा अनवाणी. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची.

हरी बोलू लागला की विषय एकच, वैमानिकाने कुठली नोकरी धरावी. भाकरी-सुकट खाता खाता तो मला समजावायचा. "हवाई दलात मान हाय, पण माणूस घरचा ऱ्हात न्हाय. आज आसाम, उद्या लडाख. फवारणीत घर जवळ, पगारही बरा. पण झाडांच्या शेंड्यांवरून उडायचं. इंजिन खोकललं तर उतरायला जागा न्हाय."

"मग बरं काय?" मी विचारायचो.

"शिकवणं. पोरगा चुकला तर बाजूला आपण असतो, आपण चुकलो तर पोरगा."

वडील मासेमारीला गेले ते परत आले नाहीत, म्हणून आईसाठी त्याने हवाई दल सोडलं होतं. आता उत्तरेतल्या एका सरकारी उड्डाणशाळेत शिक्षकाच्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता. आईलाही सोबत नेणार होता. ती म्हणायची, "मी दर्या सोडून न्हाय येणार. तू पण जाऊ नको." दर शनिवारी तो काशीदला जायचा आणि दारातूनच विचारायचा, "आये, टपाल?" ती मान हलवायची. असे चार महिने गेले. सोमवारी त्याचं तोंड पाहून मी टपालाचं विचारणंच सोडून दिलं.

एका सकाळी फवारताना वारा फिरला आणि त्याच्या हेलिकॉप्टरच्या शेपटीचा पंखा माडाला लागला. मी खाली उभा होतो, धावत गेलो. त्याच्यासाठी करण्यासारखं काहीही उरलेलं नव्हतं. त्या दिवशी मी लहान मुलासारखा रडलो.

तेराव्याला काशीदला गेलो. माणसं पांगल्यावर हरीच्या आईने, मावशीने, मला आत बोलावलं आणि सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या डब्यातून एक लिफाफा काढला. फोडलेला नव्हता.

"पोस्टमन देऊन गेला, तवा हरी तुमच्याकडं होता. सिंहांचा सरकारी शिक्का बघितला नि मीच लपवलं. मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय ते खरं सांग."

पत्राला सोड्यांचा वास येत होता. हरीची निवड झाली होती. हजर व्हायची तारीख त्याच्या मरणाच्या तीन आठवडे आधीची होती. मी ते दोनदा वाचलं, कारण वर बघायची हिंमत होत नव्हती.

"जागा भरली म्हणून लिहिलंय, मावशी. त्याला घेतलं नाही."

"म्हंजी मी दिलं असतं तरी..."

"तरी तो इथंच राहिला असता."

तिने पदर तोंडाला लावला आणि त्या तेरा दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली. मी पत्र घडी करून खिशात घातलं. हरीच्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची बातमी मी त्याच्याच घरात खोटी ठरवली होती. त्याने मला माफ केलं असतं की नाही, मला अजून ठाऊक नाही.