रापणीच्या दोरावरचं मॅग्नेशियम

होडीतून जाळं समुद्रात गोल टाकायचं आणि किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांचे दोर ओढायचे, ही आमची शिरोड्याची रापण. ओढायला दोन तास लागतात. हात गुंतलेले, तोंड मोकळं. त्यामुळे मासा एखाद्या दिवशी मिळत नाही, किस्सा मात्र रोज मिळतो. यंदाचे निम्मे किस्से तर एकट्या मॅग्नेशियमने दिले. मी सांगतो त्यात थोडं वाढीव असेल, पण मिठाशिवाय मासा तरी कोण खातं?

*

दोरावर माझ्या पुढची जागा भिवामामांची. वय सदुसष्ट, चाळीस वर्षं तीच जागा. गणपती झाल्यावर एका सकाळी ओढता ओढता मामा खांबासारखे थांबले. दोर थांबला. आमचे म्होरके दाजीबा ओरडले, "जाळा खडपात अडाकला!" दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या. खडकात काही नव्हतं, जाळं मोकळंच होतं. अडकली होती ती मामांची पोटरी. असा गोळा आला होता, की नारळ समजून कुणी सोलायला घेतला असता. मामांनी दोर सोडला आणि ते वाळूत बसले.

आमच्यात नियम आहे. हंगामात तीनदा दोर सोडला, की जागा गेली. मग टोपल्यांकडे बसून मासे निवडायचे. त्यात कमीपणा काही नाही, पण टोपल्यांकडे राज्य सुलूमामीचं, म्हणजे मामांच्या बायकोचं.

आठ दिवसांत मामांचा दोर दुसऱ्यांदा सुटला.

"घरात तिच्या हाताखाली आसंयच," मामा हळूच मला म्हणाले. "दर्यार तरी नको रे."

*

डॉक्टरीणबाईंकडे मीच घेऊन गेलो. मामीही आली. रक्त तपासलं.

"मॅग्नेशियम कमी आहे," बाई म्हणाल्या. "ते कमी पडलं की स्नायू आखडतो आणि सैल व्हायचं विसरतो. जेवणात काय असतं?"

"भात आणि बांगड्याचा तिखला."

"आणखी?"

"आणखी भात."

"उकड्या तांदळाचा?"

"नाय, पांढरो. उकडो आता कोण खाता?"

"तिथेच घोळ आहे. तांदूळ पांढरा करताना मॅग्नेशियम कोंड्याबरोबर जातं. दारू घेता?"

"नाय," मामा म्हणाले. मामी खोकली.

"कधीतरी," मामा म्हणाले. मामी पुन्हा खोकली. बाईंनी पुढचं सगळं मामीच्या खोकल्यावरूनच लिहून घेतलं.

"दारूने शरीरातलं आहे तेसुद्धा लघवीवाटे निघून जातं. ती बंद. नाचणी, कुळीथ, पालेभाजी, भोपळ्याच्या बिया खा. काजू खा."

"काजू?" मामांची छाती फुगली. "परड्यात सात झाडां आसत माझी."

"मग खाता की नाही?"

उत्तर मामीने दिलं. "काजी मुंबैक लेकीक धाडतंव. हय उरतत ती बोंडां. तेंची दारू करून हे पितत."

*

बाईंनी तीस गोळ्या दिल्या. मामा त्या घेऊन किनाऱ्यावर आले, हीच चूक. रापणीवर जे येतं त्याचे वाटे होतात, मग ते मासे असोत नाहीतर कुणाच्या बारशाचे पेढे.

"पोटऱ्यो सगळ्यांच्योच दुखतत," दाजीबा म्हणाले. "वाटे घाला."

चोवीस माणसं, चोवीस गोळ्या. उरल्या सहा. रीतीप्रमाणे तीन होडीच्या, तीन जाळ्याच्या. होडी दाजीबांची, जाळंही दाजीबांचं. त्यांनी स्वतःची धरून सातही गोळ्या एका चहात संपवल्या. त्या दिवशी किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक लाटेमागे दाजीबांची सुरूच्या बनात एक फेरी झाली.

दाजीबांना दवाखान्यात नेलं, तेव्हा बाई भयंकर चिडल्या. "एकाच्या रक्तासाठी लिहिलेलं औषध चोवीस जणांनी खाल्लं? जास्त झालं की पोट धुऊन काढतं ते. कुणाची किडनी अधू असती तर जिवावर बेतलं असतं!"

"बाये," दाजीबा भिंतीला धरून म्हणाले, "होडयेचो वाटो मी कसो सोडतलंय?"

*

नव्या गोळ्या मामीने पदराला बांधल्या. मामा दोरावर भोपळ्याच्या बिया चघळू लागले. सालं ते वाऱ्यावर सोडत, आणि मागे मी. माझ्या शर्टाच्या खिशात वेल उगवला होता, आता काय सांगू.

मामांनी दारू सोडली, हे मात्र शंभर टक्के खरं. भांडण होतं ते नाचणीच्या भाकरीशी. "ही भाकरी नाय, कौल आसा," म्हणत ते रोज अर्धी ठेवून उठायचे. अन्न टाकायचं कसं, म्हणून ती अर्धी मामी खायची. वर कुळथाची पिठी, माठाची भाजी, मामांना नको झालेलं सगळं तिच्याच पोटात.

*

दिवाळीच्या आधी एका सकाळी बांगडा लागला. जाळं इतकं जड, की किनाराच समुद्राकडे सरकतोय असं वाटलं. मामांची पोटरी महिनाभर गप्प होती. अर्धा दोर आला आणि मला तिच्यावर गोळा चढताना दिसला. सोडला तर तिसरी वेळ. मामा दात आवळून उभे, डोळ्यांतून पाणी.

टोपल्यांकडून मामी उठली. साडी खोचली, मामांच्या पुढ्यात येऊन दोर धरला.

"सोडा आता," ती म्हणाली.

मामांनी सोडला. दोर तसूभर समुद्राकडे गेला नाही. उलट असा काठाकडे निघाला, की माझ्या टाचांचे वाळूत दोन चर पडले.

दाजीबा धावत आले. "भिवा, तिसऱ्यांदा सोडलस."

मामीने मान वळवली नाही. "दोर सुटलो खंय? जागा आमच्या घरची, घरच्याच माणसान धरली."

दाजीबांनी तिच्याकडे पाहिलं. मग जाळ्याकडे. ते रोजच्यापेक्षा अर्धा तास आधीच काठाला लागत होतं.

"भिवा," ते म्हणाले, "उद्या पण पोटरी धरूंदे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मामांना हाक मारायला गेलो. मामा पाटावर बसलेले. अख्खी भाकरी संपवून त्यांनी ताट पुढे केलं.

"आणखी एक वाढ गो."

मामी साडी खोचत होती.

"आणखी नाय. ती मी खाल्लंय. माका दोरार जावक होया."