विहीणबाईंच्या कागदावर

सलूनमध्ये त्यांना गिऱ्हाइकं 'काका' म्हणतात, घरी लेक 'बाबा' म्हणते, आणि नेमबाजीच्या रेंजवर ते सगळ्यांचे 'तुरटीकाका'. दाढी झाल्यावर गालावर फिरवायचा तुरटीचा खडा त्यांच्या खिशात कायमचा मुक्कामाला असतो. पिस्तूल हातात घेण्याआधी ते तो खडा स्वतःच्या तळव्यावर घासतात, म्हणजे घाम सुटत नाही. पहिल्यांदा लोक हसले. आता रेंजवर निम्म्या लोकांच्या खिशात तुरटी सापडते.

त्यांचं सलून दोन खुर्च्यांचं. खिडकीजवळची त्यांची, आतली लेकीची. खिडकीजवळच्या आरशाखाली एक खण आहे आणि गेलं वर्षभर त्या खणात त्यांचा वस्तरा मिटून पडलेला होता.

झालं होतं ते एवढंच. एका सकाळी नेहमीचं गिऱ्हाईक मान मागे टाकून निवांत डोळे मिटून बसलं होतं. काकांनी हनुवटीखाली वस्तरा टेकवला आणि त्याचं टोक आपलं आपणच हललं. पाण्यावर पडलेलं पान हलतं तसं, अगदी थोडंसं. कापलं नाही, ओरखडाही उठला नाही. पण ती दाढी त्यांनी जीव मुठीत धरून पुरी केली, वस्तरा पुसला, खणात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून दाढीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणू लागले, "आत बसा. पोरीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे." लेकीला वाटलं, बाबा आता आपल्यावर धंदा सोपवतायत. ती फुलून गेली. मग खरं सांगायचं कुणाला?

रेंजवरही तेच. पूर्वी काळ्या वर्तुळात घोळका करून बसणारे त्यांचे छर्रे आता कागदभर उधळायला लागले. पण तिथे सबब तयार होती. त्यांचं पिस्तूल जुनं, हवेच्या दाबावर चालणारं. त्याला ते 'म्हातारी' म्हणत. तिची हवा गळायची, चाप ओढला की ती खोकल्यासारखा आवाज करायची. "म्हातारीला दम लागतोय," असं काका म्हणाले की सगळे समजुतीने माना डोलवत. काकाही डोलवत. मनातून त्यांना म्हातारीचा फार आधार होता.

तो आधार लेकीने आणि जावयाने मोठ्या प्रेमाने काढून घेतला. एका संध्याकाळी दोघं एक लांबट पेटी घेऊन आली आणि टेबलावर उघडली. आत नवंकोरं पिस्तूल. निळसर काळी नळी, आक्रोडाच्या लाकडाची मूठ.

"आठवडाभर वापरून बघा, बाबा," जावई म्हणाले. "दुकानदाराशी बोललोय. नाही पटलं तर परत."

"आता म्हातारीला पेन्शन द्या," लेक म्हणाली.

काका पिस्तुलाला फार छान म्हणाले, लाकडाला छान म्हणाले, पेटीच्या आतल्या मखमलीलासुद्धा छान म्हणाले. जेवण मात्र दोन घासांवर उरकलं. नवीन पिस्तूल खोकणार नव्हतं. त्यानेही छर्रे उधळले, तर दोष कुणाचा हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तसं झालं तर पिस्तूल परत करायचं, म्हातारी विकायची आणि खण पुन्हा उघडायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी ते रेंजवर पोचले. ही जागा पूर्वी फर्निचरचं गोदाम होती. पत्र्याच्या छपराखाली एक लांबलचक टेबल, त्याच्यावर जुन्या गालिच्याचे तुकडे. टेबलापासून दहा मीटरवर, प्रत्येकाच्या समोर आकडा टाकलेला एकेक दिवा आणि त्या उजेडात एकेक कागद. टेबलाजवळचं चाक फिरवलं की दोरीवरून कागद धोबीघाटावरच्या कपड्यासारखा हलत-डुलत जवळ येतो. हवेत तेलाचा आणि पुठ्ठ्याचा वास. काकांना हा वास सलूनमधल्या साबणाइतकाच आवडायचा.

त्यांच्या उजव्या हाताला विहीणबाई आधीच उभ्या होत्या. या जावयाच्या आई. उभा जन्म कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून काढलेल्या. निवृत्त झाल्यावर "घरात बसून मी ह्यांचं डोकं खाईन, त्यापेक्षा कागदाला भोकं पाडते," असं म्हणून रेंजवर आल्या. शिकवलं काकांनीच. गेल्या वर्षापासून मात्र त्या काकांच्या पुढे जायला लागल्या होत्या आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

"या, व्याहीबुवा! नवी सून आणलीत म्हणे. बघू तरी तोंड."

"बघा की. तुमच्या मुलानेच पसंत केलीय."

"मग चांगलीच असणार. आमच्या मुलाची पसंती चांगली असते, हे तुमच्या घरी आल्यावरच कळलं आम्हाला."

"हे कौतुक झालं की टोमणा?"

"कोर्टात आम्ही बोललेलं फक्त लिहून घ्यायचो. अर्थ लावायचं काम साहेबांचं."

रेंजमास्तर आले. गोल चेहऱ्याचे, गळ्यात शिट्टी. त्यांनी पिस्तुलाच्या चापाला अर्धा किलोचं वजन अडकवून पिस्तूल अलगद वर उचललं. वजन लटकलं, चाप सुटला नाही. "नियमात बसतं," ते म्हणाले. मग काकांनी ते हातात घेतलं. हत्यार पारखायची त्यांची रीत सलूनमधली होती: आधी ते कुठे पडू पाहतंय ते बघायचं. हे पिस्तूल जरासं पुढे झुकत होतं, सरळ चालीच्या माणसासारखं. मुठीच्या बुडाशी तळव्याला टेकू देणारी लाकडाची फळी होती. काकांनी ती हातापुरती घट्ट केली. रिकामा चाप ओढून पाहिला. लोण्यातून सुरी गेल्यासारखा गेला. त्यांनी पुन्हा ओढला. आणि पुन्हा. त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाची भीतीही वाटली.

या रेंजवर नव्या हत्याराची एक प्रथा आहे. पहिले दहा छर्रे न बघता मारायचे. टेबलावरच्या, कागद बघायच्या दुर्बिणीवर रुमाल टाकायचा, म्हणजे प्रत्येक छर्रा कुठे लागला ते बघून माणूस हात बदलत नाही. शेजाऱ्यानेही आपल्या दुर्बिणीवर रुमाल टाकायचा. नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं. आणि शेवटी कागद ओढायचा तोही शेजाऱ्याने. दहा मीटरवरून काळ्या वर्तुळातलं भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत कुणालाच काही पत्ता नसतो.

विहीणबाईंनी आपला फुलाफुलांचा रुमाल दुर्बिणीवर पसरला. काकांनी आपला पसरला. तुरटी घासली. पावलं नेहमीच्या जागी ठेवली, जमिनीवरच्या खडूच्या जुन्या खुणांवर. मग डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले. पिस्तुलाच्या टोकावरची नेम धरायची लोखंडी माशी काळ्या वर्तुळाखाली आपणहून येऊन बसली होती. इतकं बिनबोभाट ते कधीच जमलं नव्हतं.

'आता जे व्हायचं ते होवो,' असं म्हणून त्यांनी चाप ओढला. ठप्प. खोकला नाही, धाप नाही. शेजारी विहीणबाईंचंही ठप्प. दोघं आपापल्या नादात मारत राहिले. दहावा छर्रा गेला तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता, पण तळवा कोरडा होता.

"ओढू?" विहीणबाईंनी विचारलं.

"ओढा."

चाक फिरलं. कागद डुलत डुलत आला. विहीणबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. चष्मा कपाळावर ढकलला.

कागद कोरा होता. दुकानातून आणला तसा. एकसुद्धा भोक नाही.

रेंजमास्तर पाहायला आले आणि शिट्टी चाचपत उभे राहिले. काका खुर्चीवर बसले. छर्रे उधळतील, एवढी तयारी त्यांनी केली होती. पण दहाच्या दहा कागदाबाहेर? बसल्या बसल्या गेल्या वर्षाचं सगळं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. वस्तऱ्याचं टोक, खण, म्हातारीचा खोकला. "हात गेला, विहीणबाई. पिस्तुलाचा काही दोष नाही. लेकीला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

विहीणबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"थांबा. म्हणून तुम्ही ह्यांची दाढी करत नाही?"

"म्हणजे?"

"अहो, आमचे हे वर्षभर तोंड फुगवून बसलेत! तुमच्याकडे यायचे हक्काने, तर तुम्ही त्यांना आत पाठवलंत. आत कोण? सून! सुनेपुढे मान मागे टाकून तोंडाला फेस लावून बसायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वाक्यं बोलायची सोय नाही, घोरायची सोय नाही. आणि तिला वाईट वाटेल म्हणून दुसरीकडेही जात नाहीत. ती दाढी काय हौसेने वाढवलीय त्यांनी? मला म्हणाले, व्याह्यांचं माझ्यावरून मन उडालं."

काकांना हसावं की रडावं कळेना. व्याह्यांच्या त्या करड्या, भरघोस दाढीचं त्यांनी स्वतः दोनदा कौतुक केलं होतं.

"बरं, माझं तरी बघते," असं म्हणून विहीणबाईंनी आपलं चाक फिरवलं. कागद आला आणि त्या जागच्या जागी उडाल्या. "अगंबाई! रेंजमास्तर, हे बघा! जन्मात असं मारलं नव्हतं मी! सगळे एकाच बिळात शिरलेत!"

खरंच, काळ्या वर्तुळात वरच्या उजव्या बाजूला भोकांचा एकच घोळका होता, चिमूटभर मोहरी एकाच जागी सांडावी तसा. पण खाली डाव्या बाजूलाही भोकं होती. ऐसपैस, एकमेकांशी भांडण झाल्यासारखी. रेंजमास्तरांनी पेनाच्या टोकाने मोजली.

"बाई, तुम्ही किती मारले?"

"दहा."

"कागदावर वीस आहेत."

रेंजमास्तर पोट धरून हसायला लागले. "तुरटीकाका, तुम्ही यांच्या कागदावर मारलेत हो!"

काका उठले. खडूच्या खुणांवर पावलं ठेवली, डोळे मिटून हात उचलला, उघडले. माशी काळ्या वर्तुळाखाली अलगद बसली होती, फक्त ते वर्तुळ विहीणबाईंचं होतं. पावलं म्हातारीच्या सवयीची आणि मूठ नवी. नव्या मुठीने मनगट जरासं उजवीकडे वळलं होतं, आणि समोर काळं दिसल्यावर काकांनी दिव्यावरचा आकडा बघितलाच नव्हता.

"तरी पण तो घोळका तुमचाच असणार," काका हळूच म्हणाले. "उधळलेले माझे."

विहीणबाईंचा मोह चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. कागद त्यांनी छातीशी धरला होता. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि नाइलाजाने सुस्कारा सोडला. "खोटी साक्ष नाही द्यायची मी. चाप ओढताना माझं मनगट खाली डावीकडे जातं. तुम्हीच ओरडता ना रोज? ती भांडखोर भोकं माझी आहेत."

"कशावरून?"

"आता साक्षीदारच आणू. हलवा पाय आणि मारा पुन्हा. स्वतःच्या कागदावर बरं का!"

काकांनी मागचा पाय सरकवला. हात उचलला आणि तो हलला, नेहमीसारखाच, पाण्यावरच्या पानासारखा. ते थांबले.

"काय झालं?"

"हलतोय."

"मग? मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं तुम्ही? हात हलतोच म्हणून. तो थांबायची वाट बघत बसलं की नेम सुटतो, हलता हलताच चाप ओढायचा. मी शब्द न् शब्द लिहून घेतलाय. वाचून दाखवू?"

काका हसले आणि हसता हसताच चाप ओढला. मग दुसरा, तिसरा. या वेळी दुर्बिणीवर रुमाल नव्हता, पण त्यांनी त्यातून पाहिलं नाही. कागद त्यांनी स्वतः ओढला. वरच्या उजव्या बाजूला तोच घोळका. तीच जागा, तोच आकार, जणू विहीणबाईंच्या कागदावरून उचलून इथे आणून ठेवलाय.

"नेमाच्या मागच्या खाचेचा स्क्रू दोन टकटक फिरवा," रेंजमास्तर म्हणाले, "की आला मध्यावर. हाताला हात लावायचं काम नाही."

काका कागदाकडे बघत राहिले. भोकांमधून दिव्याचा उजेड आरपार येत होता. "ठेवतो," ते म्हणाले. "पिस्तूल ठेवतो. म्हातारी पण ठेवतो. बिचारीवर वर्षभर आळ घेतला मी. हात थांबायची वाट तर मीच बघत होतो."

त्याच दुपारी सलूनच्या खिडकीजवळच्या खुर्चीत व्याही येऊन बसले. बायकोने जवळजवळ पकडूनच आणलं होतं. आतल्या खुर्चीजवळून लेक थक्क होऊन बघत होती. बाबांनी खण उघडला, वस्तरा पट्ट्यावर पाजळला, फेस केला.

"व्याहीबुवा," फेसातून आवाज आला, "राग होता ना माझ्यावर काही?"

"मान वर करा. आणि बोलू नका, लागेल."

"वर्षभर बोललो नाही, अजून किती?"

"बिनपाण्याने करू का?"

विहीणबाई बाकावर बसून खदखदून हसल्या. काकांनी वस्तरा हनुवटीखाली आणला. टोक जरासं हललं. त्यांनी त्याला हलू दिलं आणि त्या हलण्यासोबतच पहिली वाट ओढली, गळ्यापासून जबड्यापर्यंत, स्वच्छ. मग दुसरी. करडे केस टॉवेलवर पडत राहिले. अर्धी दाढी उतरेपर्यंत व्याही घोरायला लागले होते.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "म्हणजे दाढीची गिऱ्हाइकं आता परत तुमच्याकडे?"

"निम्मी," काका म्हणाले. "हलका हात तुझाच आहे." आणि खिशातून तुरटीचा खडा काढून त्यांनी तो पाण्यात बुडवला.