डाव्या कोपऱ्यातला हात

संभाजीनगरच्या छावणीतल्या मैदानावर गौहर मॅडम गेली बावीस वर्षं मुलींना कबड्डी शिकवतात. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण सकाळी मैदानावर पाणी मारायला त्या माझ्या आधी हजर असतात. मी सरिता, त्यांची जुनी विद्यार्थिनी आणि आता मदतनीस. माझा आवाज मोठा आणि डोकं गरम. मॅडमचं दोन्ही उलटं. मुलगी चुकली तर त्या ओरडत नाहीत. तिच्याजवळ जातात, तिचा हात किंवा पाय धरून जिथं असायला हवा तिथं नेऊन ठेवतात.

त्यांचा सगळा भर साखळीवर. चढाईला मुलगी एकटी येते, पण बचाव करणाऱ्या दोघी-दोघी हात धरून उभ्या असतात, ती साखळी. या जोड्या मॅडम स्वतः लावतात आणि वर्षभर मोडत नाहीत. प्रवासात शेजारी बसायचं, डबा एकत्र खायचा. "हाताला हाताची सवय लागली पायजे," असं त्यांचं म्हणणं. डाव्या कोपऱ्यात खुशनुमा आणि तिच्या शेजारी तनुजा, ही त्यांची सगळ्यात पक्की जोडी होती. तनुजा फुलंब्रीहून रोज एसटीनं येते. चढाईत तिच्या तोडीची मुलगी जिल्ह्यात नाही.

गेल्या नोव्हेंबरात, जिल्ह्याच्या निवड चाचणीला आठ दिवस उरले असताना, तनुजानं स्वतःचा एक व्हिडिओ टाकला. मुसलमानांवर भरवसा ठेवू नका, त्यांच्याशी हात मिळवू नका, असं ती कॅमेऱ्यात बघून सांगत होती. सकाळपर्यंत तो सगळ्या मुलींनी पाहिला होता. खुशनुमा मैदानावर आली, पण रेषेबाहेरच उभी राहिली.

"हिला आजच काढा," मी मॅडमना म्हणाले. मॅडमनी तनुजाला बोलावलं.

"तूच बोललीस?"

"व्हय मॅडम. पण ते तुमच्याबद्दल नव्हतं. तुम्ही येगळ्या."

"मग कुणाबद्दल व्हतं?"

तनुजानं मोबाइल पुढं केला. "काढून टाकलाय मी व्हिडिओ," ती म्हणाली.

"आन् डोक्यातलं?"

"ते हाय तसंच हाय. खोटं कशाला बोलू?"

तिच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी असं मला वाटलं. मॅडमनी मात्र चाचणीची यादी उघडली, तिचं नाव वाचलं आणि तसंच राहू दिलं.

"हे काय मॅडम?" मी म्हणाले.

"सरिता, राज्य स्पर्धेचं सर्टिफिकेट मिळालं तर ही पोरगी खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागंल. नाय मिळालं तर घरी बसंल, आन् पुन्हा तोच मोबाइल बघंल. मैदानात कुणाला वाकडं बोलली, तर त्याच दिवशी जर्सी उतरवून घेईन. पण यादी खेळाची हाय. ती मी खेळ बघूनच करणार."

मला हे पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

मग त्यांनी नेहमीसारखं "जोडी धरा" म्हटलं. खुशनुमा आत आली, पण तिनं हात दिला नाही. मॅडम तिच्याजवळ गेल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचं मनगट धरून तनुजाच्या हाताकडं न्यायला लागल्या. खुशनुमानं झटक्यात हात सोडवून घेतला.

"मॅडम, ये हात मेरा है," ती म्हणाली.

मॅडमचा हात तसाच राहिला. मग त्या मैदानाच्या कडेच्या रोलरवर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

मॅडमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे. त्यात तरुण गौहर आणि त्यांच्या जोडीदार आशाबाई हातात हात घालून उभ्या आहेत. एवढी वर्षं आम्ही मुली त्या फोटोतल्या दोस्तीचं कौतुक करत आलो होतो.

"आशाबाईसोबत मी अकरा वर्षं डावा कोपरा खेळले," मॅडम म्हणाल्या. "लासूर स्टेशनला तिच्या घरी जायचे, तवा चहाला माझा कप येगळा असायचा. खिडकीत उपडा घातलेला. मला कळायचं, पण मी कधी बोलले नाय. वाटायचं, मैदानात हात देती ना, बास झालं. तिला वाटलं असंल, हिला काय वाटतच नाय." त्या खुशनुमाकडं वळल्या. "तो माझा हात व्हता, मी दिला. तुझा हात मला देता येत नाय. मघाशी मी चुकले, बेटा."

मला त्या फोटोची लाज वाटली. म्हणजे खरं तर माझीच.

खुशनुमा तनुजासमोर जाऊन उभी राहिली. "तू खेळ. तुझी चढाई चांगली हाय, मी कधी नाय म्हणलं नाय. टाळ्या पण वाजवीन. हात मात्र मागू नको."

चाचणीच्या सामन्यात तनुजानं चढाईत नऊ गुण घेतले आणि खुशनुमानं खरंच टाळ्या वाजवल्या. बचावात मात्र दोघींमध्ये हातभर अंतर होतं. शेवटच्या दोन मिनिटांत समोरची चढाईपटू डावीकडून आत आली, तसा तनुजाचा हात आपोआप खुशनुमाकडं गेला. खुशनुमानं तो पाहिला. तिचे हात गुडघ्यांवरच राहिले. तनुजानं आपला हात मागे घेतला नाही आणि चढाईपटूनं नेमक्या त्याच हाताला स्पर्श करून मधली रेषा गाठली. पंचांनी तनुजाला बाद दिलं.

"येडी झालीस का? हात आखडता आला नाय?" मी तिच्यावर ओरडले.

"नाय आला," ती म्हणाली आणि रडायला लागली. मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या, पण त्यांनी तिची समजूत काढली नाही.

दोघींचीही निवड झाली. मॅडमनी त्यांची जोडी पुन्हा लावलेली नाही. त्या आता कुणाचीच लावत नाहीत. मुली आपापल्या लावतात.

पुढच्या रविवारी मॅडम लासूर स्टेशनला गेल्या. आशाबाईंशी कपाबद्दल बोलायचं पस्तीस वर्षं राहून गेलं होतं. सोमवारी मैदानावर पाणी मारता मारता मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"आधी म्हणली, कंचा कप? मग रडली. मग मी पण रडले."

"आणि चहा?"

मॅडमनी पाइप दुसऱ्या बाजूला वळवला. "त्यो राहूनच गेला," त्या म्हणाल्या.