चिपीवरचं लाल लुगडं

दासगावच्या धक्क्यावर कुणालाही विचारा, जुट्यावरच्या चंपाबाईला खरं ओळखत होता तो मुख्तार, असंच सांगतील. मुख्तारला मात्र हे ऐकलं की अवघडल्यासारखं होतं. कुवेतची नोकरी सोडून आल्यापासून त्याने तिला होडीतून नेलं-आणलं, एवढं खरं. पण तिचं माहेर कुठलं, नवरा गेल्यावर ती एकटी तिथेच का राहिली, तिला कशाची भीती वाटायची, यातलं त्याला काहीच सांगता येत नाही. विचारायचं राहून गेलं. होडीत बसलेली माणसं पाण्याकडे बघतात, एकमेकांकडे नाही.

जुटं म्हणजे सावित्रीच्या पात्रात गाळ साचून झालेलं बेट. दासगावच्या खालच्या अंगाला नदीत भरतीचं पाणी चढतं, मचूळ होतं, काठाने खारफुटी लागते. तिथल्या एका जुट्यावर, मधल्या उंचवट्यावर, चंपाबाईची खोपी होती. चार शेळ्या, थोडे वाल, थोडी चवळी. ओहोटीला चिखलात चिंबोऱ्या मिळायच्या. पहाटे कधी पाणमांजरं येऊन खोपीमागे मासे खात बसायची आणि उरलेली डोकी तिच्या दारात टाकून जायची. ‘भाडं देतात मेली,’ असं ती म्हणायची.

जुट्याच्या पलीकडच्या उतारावर सुसरी उन्हाला पडत. त्यातल्या एकीला चंपाबाई थोरली म्हणायची. थोरलीने अंडी घातली की ती शेळ्या बांधून ठेवी आणि कुणाला त्या बाजूला फिरकू देत नसे. ‘तिचं बाळंतपण आटपू दे रे,’ म्हणायची.

‘मावशी, एक दिवस ती तुम्हालाच न्याहारीला न्हेल,’ मुख्तार म्हणायचा.

‘माझ्यात काय हाय, निस्ती हाडकं. कुवेतचं खाऊन सुटलेला तू समोर असताना मला कशाला धरंल ती?’

होडी हवी असली की चंपाबाई जुट्याच्या टोकावरच्या चिपीच्या झाडाला आपलं जुनं लाल लुगडं बांधायची. मुख्तारच्या पडवीतून ते झाड समोर दिसायचं. लाल दिसलं की तो वल्हं उचलायचा. तिच्या लेकीने, तुळसाने, पोलादपूरहून तिला मोबाईल आणून दिला होता. पण जुट्यावर वीज नाही. तो चार्जिंगला म्हणून मुख्तारकडे यायचा आणि त्याच्या बायकोच्या, रुकय्याच्या फळीवरच पडून राहायचा.

‘मावशी, फोन हितं नि तुम्ही तिकडं. तुळसाचा फोन आला तर मी काय हितनं बांग देऊ?’ रुकय्या विचारायची.

‘तू कशाला घसा फोडतेस गो? लुगडं हाय ना माझं.’

पावसाळ्यात त्याच चिपीवर बगळ्यांची घरटी होत. झाड पांढरं होऊन जाई. त्या दिवसांत चंपाबाई वरच्या फांद्यांना हात लावत नसे, पिल्लं खाली पडतील म्हणून. लुगडं खालच्या फांदीला बांधायची. तरी लालच ते, लांबून दिसायचं.

गेल्या आषाढात तुळसाच्या लेकीला मुलगी झाली. आपल्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचं वापरून मऊ झालेलं लुगडं फाडून त्याचं दुपटं करतात, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं. चंपाबाईने लाल लुगडं धुऊन, वाळवून, घडी करून मुख्तारच्या हातात दिलं. मुख्तारने ते मुलाच्या टेम्पोतून पोलादपूरला धाडलं. काम झालं, असं त्याला वाटलं.

मग पावसाने झड धरली. नदी गढूळ होऊन फुगली. जुटं बुडण्याइतकं पाणी नव्हतं, पण मुख्तार पडवीत बसून सारखा तिकडे बघत होता. अशा पाण्यात ती दरवर्षी बोलवायची. या वेळी लाल काही दिसेना. झाडावर बगळे तेवढे होते. म्हातारी बरी आहे, असं म्हणून तो जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशीही त्याने पाहिलं. बगळेच.

दुपारी रुकय्या तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, ‘तो खालचा बगळा बघा. येवढ्या वाऱ्यात फडफडतोय, पण उडत कसा नाय?’

‘पिल्लू असंल,’ मुख्तार म्हणाला. आणि म्हणता म्हणताच उठला.

प्रवाह कापत जायला त्याला फार वेळ लागला. खालच्या फांदीला पांढरं पातळ पिळून बांधलेलं होतं. शेळ्यांची दावी सोडलेली होती आणि त्या खोपीच्या दारात अंग चोरून उभ्या होत्या. चंपाबाई आत बाजेवर पडली होती. अंग तापाने भाजत होतं. तिने डोळे उघडले, पण त्या डोळ्यांना मुख्तार दिसला की नाही, देव जाणे. महाडच्या दवाखान्यात ती एक शब्द बोलली नाही आणि तिथेच गेली. आदल्या दिवशी आणली असती तर वाचली असती का, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. लोक त्याच वाक्याने मुख्तारची समजूत घालतात. त्याला त्या वाक्यानेच झोप येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर तुळसा मुख्तारच्या दारात बांधलेल्या शेळ्या न्यायला आली. छातीशी नात होती, लाल दुपट्यात गुंडाळलेली.

‘दुसऱ्या कशात निजतच नाय ही,’ तुळसा म्हणाली. ‘आयचं लुगडंच लागतं हिला.’

मुख्तारने त्या लाल कापडाकडे एकदा पाहिलं आणि मग शेळ्यांची दावी सोडवत बसला.

‘मुख्तारभाय, आय शेवटचं काय बोलली तुमच्याशी?’

‘तसं काय नाय. असंच आपलं.’

खरं तर त्याला शब्दन् शब्द आठवत होता. लुगडं घेऊन तो होडी लोटत होता आणि चंपाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती.

‘लाल तर तू न्हेलंस. आता झाडाला पांढरंच बांधायला हवं.’

‘बांधा की, मावशी.’

‘बगळ्यांत दिसंल का रे तुला?’

‘न दिसायला काय झालं? डोळं शाबूत हायत अजून. चहापत्ती हाय का संपली?’

‘पत्ती हाय. येताना वाईच साखर आण.’

‘आणतो.’