शिंपल्याच्या खुणा

महारुद्र सुताराइतका डूख धरणारा माणूस परंड्यात दुसरा झाला नाही, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. ज्याच्या पोटचं पोर दुसऱ्यानं आपलं म्हणून मिरवलं, त्यानं डूख धरायचा नाही तर काय ओवाळायला ताट घेऊन जायचं?

पोर म्हणजे गिटार. निजामाचं राज्य होतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी परंड्यात एक नाटक कंपनी आली. तिच्या वादकाची गिटार बैलगाडीतनं पडून तडकली, ती महारुद्रानं जोडून दिली. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची, अशी ती गिटार. जोडता जोडता त्यानं दोरीनं तिची मापं घेतली आणि कंपनी गेल्यावर स्वतःची करायला बसला. पोटाला रॉकेलच्या खोक्यांची देवदारी फळी, दांडीला शिसवाची पट्टी, तारा सोलापूरहून. नांगर, तिफणी, पाळणे करता करता दोन वर्षं गेली. शेवटी सीना नदीतले शिंपले घासून त्यानं दांडीवर पाच गोल ठिपके बसवले. कांडी फक्त तारांना टेकते, लाकडाला लागत नाही. तेव्हा कुठला सूर कुठं आहे हे दाखवायला त्या ठिपक्यांवाचून दुसरं काही नाही.

कंपनीचा म्हातारा वादक जाता जाता त्याला सांगून गेला होता, "ठिपका गल्ली दाखवतो, महारुद्रा. घर कानानंच शोधायचं." महारुद्रानं ते मनावर घेतलं आणि डोळे मिटून वाजवायला शिकला. त्याच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, पहिले सहा महिने कानात बोळे घालून काढले. पुढं पुढं तीच म्हणायला लागली, "आज वाजवना व्हय?"

मग बलभीमरावांनी गिटार मागितली. बलभीमराव म्हणजे पाटलाचा पुतण्या. त्यानं मागितली म्हणजे नेलीच. एवढंही महारुद्रानं गिळलं असतं. गावात राहायचं तर पाटलाशी वाकडं घेऊन भागत नाही. पण आठ दिवसांत बलभीमराव सांगत फिरायला लागले, की गिटार विलायती आहे, खास हैदराबादेहून मागवली. महारुद्र चावडीवर जाऊन म्हणाला, ही तर माझ्या हातची. बलभीमराव पोट धरून हसले.

"तुझी? आरं, सुतारानं केली आसती तर तिच्यातनं तिफणीचा आवाज आला आसता!"

सगळी चावडी हसली. खरं बोलणारा खोटा ठरला आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला तो खरा. त्या दिवसापासून महारुद्राला एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडानं बलभीमनं नाही म्हटलं, त्याच तोंडानं त्यानं चारचौघांत हो म्हणावं.

पाच वर्षं तो थांबला. तोवर बलभीमराव परंड्याचे नामांकित वादक झाले होते. नामांकित म्हणजे काय, दुसरा कोणी नव्हताच. वाजवताना डोळे ठिपक्यांना चिकटलेले. पेटीवाला गुरुलिंग कुठल्या सुरात आहे, याची गंधवार्ता नाही. महारुद्र लांब उभा राहून ऐकायचा आणि जळायचा. जळता जळताच एकदा त्याच्या ध्यानात आलं, की या माणसाचं सगळं वाजवणं पाच शिंपल्यांवर उभं आहे, आणि ते शिंपले आपण बसवलेले आहेत.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात नवे तहसीलदार आले. त्यांच्या स्वागताला शाळेच्या पटांगणात संध्याकाळी जलसा ठरला. नेमका त्याच सकाळी बलभीमरावांचा गडी गिटार घेऊन महारुद्राच्या दारात. उन्हानं लाख सुटून ठिपके निखळले होते, दिवस कलायच्या आत बसवून हवे होते. गिटार विलायती आणि ठिपके बसवायला सुतार परंड्याचा!

महारुद्रानं दार लावून घेतलं. जुन्या खळ्या लाख आणि शिसवाच्या भुशानं बुजवल्या, वरून घासून एकजीव केल्या आणि अर्धं बोट सोडून नव्या पाडल्या. एवढी सफाई त्यानं देवाच्या पालखीच्या कामातही दाखवली नव्हती. धुरपदाबाई चुलीपासून बघत होती.

"त्याचं काय वाटुळं करायचं ते करा. पर आपल्याच कामात खोट घालू नगा. उद्या तुमच्या हातचा पाळणा कोन घील?"

"न्हाय घेतला तर न्हाय," महारुद्र म्हणाला.

संध्याकाळी बलभीमराव शेरवानी चढवून बसले. मोकळ्या तारा पेटीशी मिळवल्या, त्या नीट मिळाल्या. मोकळ्या तारेला ठिपका लागत नाही. मग कांडी पंचमाच्या ठिपक्यावर आली आणि गिटार कोकलली. बलभीमरावांनी वाकून ठिपका पाहिला आणि कांडी पुन्हा बरोब्बर त्याच्यावर ठेवली. पुन्हा तेच. ज्याला कान आहे त्यानं कांडी जराशी सरकवून सूर गाठला असता. हे मात्र ठिपका सोडायला तयार नाहीत. आधी पोरं हसली, मग तबलजीनं तबल्यावरचे हात उचलले, मग तहसीलदारसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. महारुद्राला त्या बेसूर वाजवण्याइतकं गोड काही आयुष्यात लागलं नव्हतं.

बलभीमराव घामानं निथळत उठले आणि ओरडले, "ही ह्या महारुद्र्यानं केल्याली गिटार हाय! सुताराच्या हातची! ती काय वाजनार?"

पाच वर्षं वाट पाहिलेलं वाक्य आलं. पण आलं ते बदनामी बरोबर घेऊन. महारुद्राची गिटार, आणि म्हणे वाजत नाही! त्याचं टाळकं सणकलं. तो सरळ पुढं गेला.

"हुजूर, गिटार माझी, ह्ये खरं. आज ठिपकं म्या मुद्दाम सरकिवलं, ह्ये बी खरं. पर गिटारीत खोट न्हाय."

त्यानं गिटार मांडीवर घेतली, मान दांडीवरून पार दुसरीकडं वळवली, डोळे मिटले आणि बलभीमनं सोडलेलीच धून सुरू केली. पाचही ठिपके चुकीच्या जागी होते आणि एकही सूर चुकला नाही. गुरुलिंगानं पेटी थांबवून हात जोडले. तहसीलदारसाहेब "वाहवा" म्हणाले. मग महारुद्रानं डोळे उघडले, ते बलभीमचं उतरलेलं तोंड बघायला. पोटभर बघितलं.

धुरपदाबाईचं म्हणणं मात्र खोटं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोणी काम घेऊन येईना. कारागीर मोठा, पण मनात आलं तर पाळण्याची खुंटी ढिली ठेवील, असं बाया म्हणू लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

चौथ्या दिवशी गुरुलिंग सांगत आला, की बलभीमनं गिटार अंगणात आणून कुऱ्हाडीनं फोडली. धुरपदाबाईनं तोंडाला पदर लावला. महारुद्र हातातली पटाशी ठेवून उठला.

"विलायती आसती तर फोडली आसती का? माझी हाय म्हनून फोडली."

भर दुपारी, सगळ्या पेठेच्या देखत, तो पाटलाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बलभीमराव, माझ्या गिटारीचं तुकडं द्या."

थोड्या वेळानं गड्यानं पाटीभर लाकडं आणून उंबऱ्याबाहेर ठेवली. महारुद्रानं पाटी डोक्यावर घेतली आणि पेठेतनं, सावकाश चालत, घरी आला.