सईच्या टॅबमधल्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात कधी एकच शब्द उच्चारलेला नाही. एक निघाला की मागून त्याचं सगळं गणगोत येतं. "चहा घेता?" एवढं विचारतील, तर त्यात दूध, दूधवाला आणि दूधवाल्याचं मोडलेलं लग्न येणारच. भाईंदर पश्चिमेला त्या खिडकीत बोलायला लागल्या की आम्हाला शांती नगरात ऐकू येतं, असं मी लग्नाच्या बैठकीनंतर म्हणाले होते. तेव्हा मी नुकती पन्नाशीची, म्हणजे तरुण आणि बिनडोक. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, त्या भांडवलावर स्वतःला रेडिओ समजत होते.

मग सई आली, आमच्या दोघींची नात. सहा वर्षांची झाली, बोलत नाही; आपलं म्हणणं कुणाला कळलं नाही की डोकं भिंतीवर आपटायची. थेरपीच्या ताईंनी टॅब दिला. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो. "घरातल्याच कुणाचा तरी आवाज भरा," म्हणाल्या. अर्थात मी भरला. "पाणी." 'ण' असा, की शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटावी! सईने एकदा ऐकलं आणि टॅबवर बसली.

मग विहीणबाईंना बोलावलं.

"आजी, एका चित्राला एकच शब्द हं," ताईंनी बजावलं.

"एका शब्दाला मांजर तरी येतं का हो?"

त्यामुळे आता 'पाणी' दाबलं की "पाणी दे गं बाय, माठातलं, फ्रीजचं नको," आणि 'नको'ला "नको म्हणजे नको, पोटात जागा आहे का?" पाहुणे पुढे केलेली बशी घाबरून मागे घेतात. मध्यंतरी सिल्व्हर पार्कच्या वळणावर आमची रिक्षा नुसती उडत होती. सईने 'थांब' दाबलं. "अरे थांब रे मेल्या, जीव घेतोस काय!" रिक्षा जागच्या जागी उभी. "माताजी, चिल्लाओ मत ना," रिक्षावाला मलाच म्हणाला. मी सईकडे बघत होते. तिच्या सांगण्यावरून कुणी थांबलंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिने पुन्हा पुन्हा दाबलं; थांबलेल्या रिक्षावाल्याला आणखी दोनदा 'मेल्या' ऐकावं लागलं. तेव्हापासून आमच्या भिंतीलाही जरा आराम आहे.

घोटाळा एकच झाला. माझ्या फोटोवर 'आजी' भरायचं होतं. पण विहीणबाईंनी मला जन्मात कधी आजी म्हटलेलं नाही. फोटो दिसताच सवयीने बोलून गेल्या.

आता त्या गुडघे सांभाळत गुहागरकडे धाकट्या मुलाजवळ असतात. फोन लागला तर लागतो. "आई, ते नीट करूया का? तुझ्या आवाजात 'आजी'?" मुलगा विचारतो. मी त्याला टॅबला हात लावू देत नाही. संध्याकाळी सई माझ्या फोटोवर बोट ठेवते, "अहो विहीणबाई, तिकडे काय एकट्या बसलात? या की इकडे!"

मी पदर सारखा करते आणि जाऊन बसते.