दगडगोट्यांच्या टोपल्या

साठ सालच्या सुमारास मी नंदुरबारला ओव्हरसियर होतो. शेतांत सापडलेल्या जुन्या मूर्तींचं महिनाभराचं प्रदर्शन तापीकाठच्या एका गढीत भरणार होतं, आणि मांडव माझ्याकडे होता. खांबांसाठी मी अंगणातल्या दोन फरश्या फोडल्या, तेवढ्यात मामलेदारसाहेबांनी काम थांबवलं आणि सातपुड्यातून एका माणसाला बोलावलं.

तो बांबूचा भारा खांद्यावर घेऊन आला. नकाशा नाही, टेप नाही. वितीने मोजायचा, बांबू फोडताना जीभ दातांत धरायचा. त्याने मोठाल्या टोपल्या विणल्या, त्यांत नदीतले गोटे भरले आणि खांब त्यांतच रोवले. मी चोरून एक खांब हलवून पाहिला. तो तसूभर हलला नाही आणि माझा नुसता जळफळाट झाला.

"खड्डे का नाही घेत?" मी दरडावलं.

तो मोडक्या अहिराणीत म्हणाला, "सायेब, आपन पाव्हना शेतस. पाव्हनानी दुसराना घरमा खुट्टा ठोकाना नही."

लोक मूर्ती सोडून मांडवच बघत राहिले. महिना संपला तसं त्याने गोटे नदीत सोडले आणि बांबू गोठ्यासाठी घरी नेले. त्याची एखादी खूण सापडावी म्हणून मी सगळं अंगण धुंडाळलं. खुणा दोनच होत्या, माझ्याच. त्या मी सिमेंटने बुजवल्या.

परवा म्हातारपणी तिथे गेलो. राखणदार सिमेंटकडे बोट दाखवून म्हणाला, "हाई कोनी करं, बाबा?"

"डोंगरातला एक माणूस आला होता मांडव घालायला," मी म्हटलं. "त्यानेच."

राखणदाराने नाव विचारलं नाही, हे बरं झालं. ते मीही कधी विचारलं नव्हतं.